जनरलच्या मातीचं बोलावणं

जनरल सर एव्हरार्ड डाल्स्टन मंगळवारी गेले आणि गुरुवारची दुपार झाली तरी खोऱ्यातलं एक कुत्रंसुद्धा त्यांच्या दारात फिरकलं नाही.

ऑगस्टाच्या ते आधी लक्षातच आलं नाही. लक्षात यायला तिच्यात काही उरलंच नव्हतं म्हणा. सहा वर्षं बाप अर्धांगानं पडलेला. त्याला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, आणि भरवलेलं हनुवटीवरून ओघळलं की तो संतापायचा तेही सोसायचं. ज्यानं तीन खंडांत फौजा हलवल्या त्याला स्वतःचा डावा हात हलवता येत नव्हता, आणि त्याचा राग निघायचा तो लेकीवर. मंगळवारी पहाटे त्याचा श्वास थांबला तेव्हा ऑगस्टाच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता झोपता येईल. एक्कावन्न वर्षांच्या बाईनं बाप गेल्यावर असा विचार करावा का? करावा. सहा वर्षं जागून बघा, मग बोला.

पण झोप कसली मिळते! बुधवारी सकाळी भाचा आला. कॅप्टन सेड्रिक, तिच्या गेलेल्या भावाचा मुलगा. बूट चकचकीत, मिशी ताजी कातरलेली, आणि आजोबांची अंत्ययात्रा म्हणजे जणू स्वतःच्या बढतीची परीक्षा असल्यासारखी लगबग. लंडनच्या पेपरांत मोठे मोठे मजकूर त्यानं आधीच छापून आणले होते. काळ्या काठाची कार्डं छापून खोऱ्यातल्या घरोघरी टपालानं धाडली होती. शवपेटी न्यायला तोफेचा गाडा मागवला होता, तो खालच्या पुलावर अडकला, कारण थ्रँगडेल खोऱ्याच्या गल्लीतून गवताची गाडी जेमतेम जाते. शेवटी गाडा परत गेला आणि बंदुकवाल्यांची तुकडी आणि एक बिगुलवाला तेवढे राहिले.

"आत्या, तू काही बघू नकोस," तो म्हणाला. "सगळी व्यवस्था झाली आहे."

व्यवस्था झाली होती, माणसं मात्र नव्हती. गुरुवारी दुपारी स्वयंपाकघरात सॅरा नॉबल भांडी अशी आदळत होती, की आवाज वर मयताच्या खोलीपर्यंत जावा. सॅरा खोऱ्यातलीच. पंचवीस वर्षं डाल्स्टनांकडे स्वयंपाकाला.

"काय झालं सॅरा?"

"मला काय होतंय? कार्डं म्हणे! मयताची कार्डं! लोकांनी ती काय, घड्याळामागे खोचून ठेवायची? बोलावणं कुठे झालंय, बाई? उद्या अकराला उचलायचंय आणि अजून बोलावणं नाही!"

ऑगस्टा मटकन खुर्चीत बसली. बोलावणं. तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं. जन्म इथला, पण अर्धं आयुष्य बापाच्या मागे छावण्यांतून काढलेलं. आणि गेली सहा वर्षं त्याच्या खाटेपाशी.

बाहेरच्या जगात मयताला बोलावणं लागत नसेल. थ्रँगडेलमध्ये लागतं. लग्नाला एखादा आगंतुक घुसला तर हसून वाढतील, पण मयताला न बोलावता गेलेला माणूस म्हणजे चोर. मेलेल्याच्या घरापासून जे घर सगळ्यांत जवळ, तिथल्या बाईनं हे बोलावणं करायचं. घरच्यांनी नाही. तिनं दारोदार जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, नाव सांगायचं, वेळ सांगायची, 'तुमच्या घरातून दोघं' एवढं म्हणायचं आणि पुढच्या दाराला लागायचं. शेजारीण फिरली नाही, तर खोरं समजतं की त्या घराला शेजार नाही. मग कार्ड येवो की राजाचं फर्मान येवो, कुणी टोपी उचलत नाही.

आणि डाल्स्टनांच्या घराला सगळ्यांत जवळचं घर कुणाचं, तर हॅना जॉप्सनचं.

"हॅना येणार नाही," सॅरा म्हणाली, आणि या वेळी भांडं हळूच ठेवलं. "तिनं का यावं?"

तेवढ्यात सेड्रिक आत आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "एवढंच ना? मग माझे शिपाई उचलतील. आठ धिप्पाड गडी आहेत. उलट जास्त शोभून दिसेल."

"तुझ्या आजोबांना शिपाई नको होते," ऑगस्टा म्हणाली.

ते खरं होतं. गेल्या वर्षी, लोकर कातरायच्या दिवसांत, जनरलनं अर्ध्या तोंडानं तिला एक वाक्य सांगितलं होतं. ते सांगायला त्याला अख्खी सकाळ लागली. "मला फौजेनं उचलायचं नाही. शिपाई हुकमानं उचलतात. खोऱ्यानं उचललं तर उचला." मग त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. सहा वर्षांत त्यानं लेकीकडे मागितलेली ही एकच गोष्ट. बाकी सगळे हुकूमच. आणि ती एक गोष्टसुद्धा आता तिच्या हातून निसटत होती.

"आजोबा आजारी होते," सेड्रिक म्हणाला.

"आजारी होते, वेडे नव्हते. माझी शाल कुठे आहे सॅरा?"

"घरच्यांनी जायचं नसतं बाई!"

"मग तू जातेस?"

"मी या घरचं मीठ खाते. मीपण घरचीच."

"झालं तर मग. गप्प राहा."

दोन घरांच्या मध्ये एक कुरण आणि दगडी बांध, एवढंच अंतर. नोव्हेंबरचा चिखल बुटांना ओढत होता. ऑगस्टाचे पाय असे जड झाले होते, की बांधावरच बसावं, बापाला शिपायांनी न्यावं आणि आपण इथेच मेंढरांत झोपून जावं, असंही तिला वाटलं. पण ती चालत राहिली.

हॅनानं का यावं, हे तिला सॅरानं सांगायची गरज नव्हती. महायुद्ध सुरू झालं त्या शरदात जनरल घरी आला होता. तेव्हा त्याचं नाव शिखरावर होतं. सुदानात गाजलेला, वायव्य सरहद्दीवर गाजलेला, दक्षिण आफ्रिकेत एक हरलेली लढाई जिंकून दाखवलेला. शाळेच्या पटांगणात गाडीवर उभा राहून तो म्हणाला होता, "मला अनोळखी माणसं नकोत. माझ्या शेजाऱ्यांची पोरं मला बरोबर हवीत." खोऱ्यातली बाकी पोरं मेंढरं आणि पाटीच्या दगडाच्या खाणी सोडून हलली नाहीत, किंवा दुसऱ्या पलटणींत गेली. जॉप्सनांचे दोघं मात्र गाडीपाशी पुढे झाले, जोनस आणि आयझॅक. जनरलनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. ऑगस्टानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला तेव्हा बापाचा अभिमान वाटला होता.

मग फ्रान्समधली ती टेकडी. सकाळी हल्ला फसला. खालचे अधिकारी म्हणाले, थांबा. जनरलनं दुपारी तोच हल्ला पुन्हा करायला लावला. टेकडी मिळाली. पेपरांनी त्याला डोक्यावर घेतलं, राजानं 'सर' केलं. टेकडी पुढच्या महिन्यात सोडून द्यावी लागली. जोनस आणि आयझॅक त्या दुपारी गेले. पुरायलासुद्धा काही सापडलं नाही.

निवृत्त होऊन जनरल कायमचा घरी आला. वाटेत भेटले की लोक टोपीला हात लावायचे, "हवा बरी आहे, जनरल," म्हणायचे आणि पुढे जायचे. त्याहून एक शब्द जास्त नाही. तोही कधी थांबला नाही. एकदाच, झटका यायच्या आदल्या वर्षी, ऑगस्टानं खिडकीतून पाहिलं: बाप कुरण ओलांडून जॉप्सनांच्या फाटकापर्यंत गेला, फाटकावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि तसाच परत आला. घरी येऊन चहा गार आहे म्हणून त्यानं सॅरावर केवढा आरडाओरडा केला!

हॅना मागच्या पडवीत होती. डुक्कर कालच मारलेलं. फळीवर मांसाचे मोठे तुकडे मांडून ती त्यांना मीठ चोळत होती. सत्तरीची बाई, पण मनगटं अजून गड्याची. तिनं मान वर केली नाही.

"बसा म्हणणार नाही, मिस डाल्स्टन. हात मिठात आहेत."

"बसायला नाही आले मी."

"कशाला आलात ते ठाऊक आहे. गाडा पुलावर अडकला म्हणे." हॅनाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "घोडे मागे वळवताना गाडीवानानं दिलेल्या शिव्या इथवर ऐकू आल्या. मयताच्या कामात असं तोंड खराब करू नये."

"हॅना, उद्या अकराला उचलायचंय. बोलावणं झालेलं नाही."

"तुमच्याकडे फौज आहे. फौजेला शेजारी कशाला लागतो?"

"त्यांना खोऱ्यानं उचलायला हवंय. तसं सांगून गेलेत."

"त्यांना हवंय!" हॅनानं मुठीत मीठ घेतलं आणि हाडाच्या सांध्यात कोंबलं. "जन्मभर हवं ते मिळतच गेलं त्यांना. टेकडी हवी, टेकडी मिळाली. पोरं हवीत, पोरं मिळाली. आता खांदेही हवेत. माझ्या पोरांना कुणी उचललं, मिस डाल्स्टन?"

यावर काय बोलायचं असतं ते ऑगस्टाला पाठ होतं. सैनिकी घरात वाढलेल्या प्रत्येक बाईला असतं. देश, कर्तव्य, बलिदान, सगळं ओळीनं. पण तिच्यात ते उच्चारायचं त्राण नव्हतं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

हॅनाचा हात थांबला.

"पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं. तेव्हाचा पाद्री म्हणाला होता, देवदूतांनी उचललं. म्हटलं, आमच्या जोनसचं वजन माहीत आहे का देवदूतांना?" तिनं कपाळ मनगटानं पुसलं. "आणि बोलावणं? त्यांचं बोलावणं कुणी केलं?"

"बोलावणं..." ऑगस्टाला आधी कळेना. "पण हॅना, तेव्हा मयतच नव्हतं."

"मढं नव्हतं. मेले तर होते ना?"

बाहेर कोंबड्या चिखलात उकरत होत्या. हॅना आता थेट तिच्याकडे बघत होती.

"माझ्या घराला सगळ्यांत जवळचं घर कुठलं ग?" ती म्हणाली. 'मिस डाल्स्टन' केव्हाच गळून पडलं होतं. "बघ की बाहेर. कुणाचं धुराडं दिसतं?"

ऑगस्टाला बघायची गरज नव्हती. पंधरा वर्षं तिला वाटत होतं की हॅनाचा राग बापावर आहे. टेकडीवर आहे, त्या दुपारवर आहे. आपण त्यात कुठे आहोत हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"तार आली त्या दिवशी मी मयताचा पाव भाजला," हॅना म्हणाली. "माणसं येतील म्हणून. घर झाडलं. म्हटलं, ऑगस्टा येईल. बाप तिकडे असला तर असो, ही तर इथंच आहे, हिला शेजारधर्म कळतो. येईल, दारात उभी राहील आणि विचारेल, हॅना, लोकांना कधीचं सांगू? रविवारपर्यंत वाट बघितली. मग पाव डुकरांना घातला."

"मला सुचलंच नाही, हॅना. खरंच सुचलं नाही."

"माहीत आहे. सुचलं असतं आणि आली नसतीस, तर आज तुला या दारात उभी केली नसती."

शेजारी पालथी बादली होती, तिच्यावर ऑगस्टा बसली. बोलावण्याच्या कामाला आलेल्यानं बसायचं नसतं, पण ती कुठे बोलावणं करायला आली होती? ती तर मागायला आली होती. बापाची इच्छा, खोऱ्याचा रुसवा, उद्याचे अकरा, सगळं डोक्यातून निघून गेलं. आणि एक केरसुणीनं झाडलेलं घर तेवढं दिसत राहिलं, ज्यात कुणीच आलं नाही.

"मी आता केलं तर चालेल का?" तिनं विचारलं.

"काय?"

"जोनस आणि आयझॅकचं बोलावणं. आता. आज. शेजारीण मीच ना? तू माझ्या बापाचं करू नकोस हवं तर. त्यांना शिपाई नेतील. मी ह्यांचं करते."

हॅनानं एक तुकडा उलटा केला, मीठ घेतलं, तसंच परत टाकलं. मग पिंपाच्या पाण्यात हात बुडवून ती कितीतरी वेळ धूत राहिली.

"एकटी कुठे जाशील? त्या बुटांनी पहिल्याच ओढ्यात पडशील," ती शेवटी म्हणाली. "माझेही गुडघे गेलेत. घोडी जुंपते. तू माझ्या पोरांचं सांग, मी तुझ्या बापाचं सांगते. पण आधी माझी पोरं. मग तो."

"आधी तुझी पोरं," ऑगस्टा म्हणाली.

अशा दोन थकलेल्या बाया एका छकड्यात बसून निघाल्या. खोऱ्यात असं बोलावणं आधी कधी झालं नव्हतं, दोन शेजारणींनी एकमेकींच्या मेलेल्यांचं.

पहिलं दार म्हाताऱ्या थॉमस बूशरचं. तो कानानं ठार बहिरा, आणि त्यात भर म्हणून तिरसट.

"उद्या अकराला माती आहे," ऑगस्टानं ओरडून सांगितलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "जोनस जॉप्सन आणि आयझॅक जॉप्सन यांची."

"कोण मेलं?"

"जोनस! आणि आयझॅक!"

"ते तर कधीच मेले! मला काय खुळा समजतेस?"

"मेले, पण त्यांचं बोलावणं झालं नव्हतं, थॉमस."

म्हाताऱ्यानं छकड्यात बसलेल्या हॅनाकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली. "नव्हतं झालं," तो म्हणाला. "बरोबर आहे. नव्हतंच झालं."

"आणि त्यांच्याबरोबर सर एव्हरार्ड डाल्स्टन," हॅनानं छकड्यातूनच आवाज दिला. "तुमच्या घरातून दोघं."

थॉमस जरा घुटमळला. "तू सांगतेस, हॅना?"

"मग काय घोडी सांगतेय? मीच सांगते."

"मग दोघं येतील."

पुढच्या दारी एक तरुण सून बाहेर आली, कडेवर पोर. तिनं जोनस आणि आयझॅकला बघितलंही नसेल नीट. तरी तिनं मुकाट्यानं मान हलवली आणि एप्रनला हात पुसत तिथेच उभी राहिली, छकडा वळेपर्यंत. त्याच्या पुढच्या दारी खाणीवरचा विल्सन मॉन्सी नुसताच "वेळ झाला, पण झालं," एवढं म्हणाला. कुणी कशाला, काय, असं विचारलं नाही. प्रत्येक दारात ऑगस्टा ती दोन नावं घ्यायची. प्रत्येक दारात ती नावं घेताना तिला जरा जास्त त्रास व्हायचा, कमी नाही. शेवटच्या दारापर्यंत तिचा घसा बसला होता आणि हॅना लगाम धरून पेंगत होती.

घरी आली तर सेड्रिक दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता.

"आत्या, हे काय ऐकतोय मी? आजोबांच्या अंत्यविधीत दोन साध्या शिपायांची नावं? आणि तीही आधी? पेपरवाले येणार आहेत!"

"येऊ देत."

"पण हे कुठल्याच नियमात बसत नाही!"

"सेड्रिक, तू बंदुका आणल्यास ना? मग उद्या त्या नीट वाजव. बाकीचं माझं मी बघते." आणि ती बुटांसकट पलंगावर पडली ती सकाळपर्यंत हलली नाही.

सकाळी ती पाद्र्याकडे गेली. नवा होता, तरुण होता, भला होता. "मिस डाल्स्टन, मला समजतंय," तो म्हणाला, "पण जे कबरीत नाहीत त्यांच्यावर मी अंत्यविधी वाचू शकत नाही. बिशपसाहेबांच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही." तिनं विनवलं. तो जवळजवळ रडकुंडीला आला, पण 'हो' म्हणाला नाही. ऑगस्टा तशीच परत आली. म्हणजे सगळं खोरं जोनस आणि आयझॅकच्या मातीला येणार आणि तिथे नाव फक्त आपल्या बापाचं निघणार. पंधरा वर्षांपूर्वी हॅनाला नुसतं विसरलो. आज तिला सगळ्यांदेखत फसवणार. हे तिला सांगावं, तर सांगायला वेळच मिळाला नाही.

कारण अकराच्या आधीच खोरं आलं. घरटी दोघं, काळे कोट, काहींना ते दंडात घट्ट होणारे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शवपेटी ताटीवर ठेवली. ताटीला आठ जण लागतात, डोक्याकडच्या दोन जागा शेजारघराच्या. मॉन्सी, बूशरचा मुलगा आणि आणखी चौघं अशा सहा जणांनी आपापल्या जागा घेतल्या आणि डोक्याकडच्या दोन मोकळ्या सोडल्या. सेड्रिकनं बोटानं खूण करताच दोन शिपाई पुढे आले.

"मागे व्हा," थॉमस बूशर ओरडला. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल इतकं. "त्या जागा जॉप्सनांच्या आहेत."

शिपाई मागे झाले. सहा जणांनी आठांचं ओझं उचललं. वाटेत ताटी डोक्याकडे कलायची, मग ते थांबायचे, दम खायचे, पुन्हा उचलायचे. चर्चपर्यंतची चढण त्यांच्या जिवावर आली, पण त्यांनी त्या दोन जागी कुणालाही हात लावू दिला नाही. हॅना ताटीच्या पुढे चालत होती, गुडघे ओढत, आणि ऑगस्टा मागे. ऑगस्टाच्या मनात आलं, बाबा, तुम्हाला हवं ते मिळालं, पण कसं मिळालं ते बघा.

कबरीवर पाद्र्यानं वाचलं. "आमचा बंधू एव्हरार्ड," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. लोक थांबले. आणखी नावं येतील म्हणून थांबले. पाद्र्यानं पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागला. ऑगस्टानं हॅनाकडे बघायचं धाडस केलं नाही. बघितलं तेव्हा हॅना कबरीकडे बघत होती आणि तिचा चेहरा मिटून गेला होता, पंधरा वर्षं मिटलेला असायचा तसा.

मग सेड्रिकनं हुकूम दिला. शिपायांनी बंदुका आभाळाकडे केल्या आणि फैरी झाडल्या. खोऱ्यात असलं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं. मेंढरं टेकडीभर उधळली, पोरं आयांना बिलगली. पहिली फैर खणखणीत निघाली. दुसरीत एक बंदूक मागे राहिली, सगळ्यांचा आवाज विरल्यावर एकटीच फुटली. तिसरी पुन्हा नीट. मग बिगुल वाजला आणि लोक हळूहळू पांगायला लागले.

सेड्रिक दातओठ खात आत्याजवळ आला. "ऐकलंस ना? मधल्या फैरीला एकानं उशिरा चाप ओढला. आजोबांच्या मातीला! त्या गाढवाला मी बराकीत गेल्यावर दाखवतो."

तेवढ्यात हॅना आली. ती ऑगस्टाच्या अगदी जवळ उभी राहिली. तिचा चेहरा बदललेला होता.

"तीन झाल्या," ती म्हणाली. "मी मोजल्या. पाद्र्याला जमलं नाही, पण तू बंदुकवाल्यांना सांगितलंस. पहिली जोनसची ना? मोठा तोच."

ऑगस्टा छावण्यांत वाढलेली. तिनं शेकडो अंत्ययात्रा पाहिल्या होत्या. फैरी तीनच असतात, शिपायाला तीन आणि सेनापतीलाही तीन, एकट्याला तीन. सेड्रिकलाही ते ठाऊक होतं, आणि चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"छे, छे, बाई," तो म्हणाला, "तीन तर नेहमीच—"

"सेड्रिक, गप्प बस!" ऑगस्टा म्हणाली. असा आवाज तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. बापाचाच होता तो. सेड्रिक खाडकन सरळ उभा राहिला.

"हो हॅना," ती म्हणाली. "पहिली जोनसची. दुसरी आयझॅकची."

"म्हणजे ती मागे राहिलेली?"

"तीच."

हॅनानं तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले आणि ऑगस्टाला आधी कळेना, की ही हसतेय की रडतेय.

"वाटलंच मला," हॅना म्हणाली. "ऐकल्याबरोबर वाटलं, हा आमचा आयझॅकच. जोनस गाई पिळून यायचा तरी हा एक बूट घालून दुसरा शोधत असायचा. सगळे निघून गेल्यावर धावत सुटायचा, थांबा रे, थांबा रे करत. तसाच ग, अगदी तसाच आला." तिनं डोळे पुसले. "आणि तिसरी?"

"तिसरी बाबांची."

"हं," हॅना म्हणाली. "चांगली वाजली तीपण."

मग मात्र ऑगस्टाला राहवेना. मंगळवारपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, आणि आता सगळ्या खोऱ्यासमोर ती लहान पोरीसारखी रडायला लागली. बापासाठी रडत होती की एक बूट शोधणाऱ्या आयझॅकसाठी, हे तिला सांगता आलं नसतं. हॅनानं तिचा दंड घट्ट धरला आणि तिला रडू दिलं.